अर्ध्या घोड्याचा ताप

रात्री दीड वाजता बायकोने मला पकडलं. आतल्या खोलीत, अंधारात, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, झोपलेल्या मुलाला ओलांडून मी एका काळ्या डब्याच्या काचेला उलटा हात लावून उभा होतो.

"काय करताय?"

"ताप बघतोय."

"कुणाचा?"

"प्रोसेसरचा."

तिने दिवा लावला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि दिवा मालवला. जाता जाता एवढंच म्हणाली, "हा दहावीत काविळीने पडला होता, तेव्हा एकदाही उठला नव्हतात."

खरं आहे. पण मुलासाठी मी पावणेतीन लाख एकरकमी मोजले नव्हते. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

हा आकडा मुळात साठ हजार होता. एकोणपन्नासाव्या वर्षी लोकांना गुडघे आठवतात किंवा काशी. मला युरोपात ट्रक चालवावासा वाटला. म्हणजे कॉम्प्युटरवर. असा एक खेळ आहे. या गावचा माल त्या गावी पोचवायचा, सिग्नल तोडला की दंड, झोप आली की गाडी बाजूला घेऊन झोपायचं. तिथल्या रस्त्यांना खड्डे नाहीत. रोज रिक्षाने डोंबिवली स्टेशन गाठणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरेसं आहे.

"बाबा, तो माझ्या लॅपटॉपवरही चालेल," मुलगा म्हणाला. तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला अजून काही कळत नाही.

"चालायला काय, आपली जुनी स्कूटरही चालते," मी म्हटलं. "घेतोच आहोत तर नीट घेऊ."

'घेतोच आहोत तर' या तीन शब्दांनी मराठी मध्यमवर्गाला जेवढं बुडवलंय तेवढं सावकारांनीही बुडवलं नसेल. मिक्सर आणायला गेलेला माणूस या तीन शब्दांपायी फूड प्रोसेसर घेऊन येतो आणि जन्मभर त्यावर खोबऱ्याची चटणी वाटतो. मी तर तयार कॉम्प्युटर घेणारच नव्हतो. सुटे भाग निवडून, जुळवून, स्वतः बसवणार होतो. त्यासाठी विमा एजंटाने दिलेल्या कोऱ्या डायरीत अभ्यास सुरू केला. जानेवारी संपता संपता मी जूनच्या पानांवर पोचलो होतो.

पहिला धडा 'बॉटलनेक'चा. प्रोसेसर दणकट आणि ग्राफिक्स कार्ड किरकोळ घेतलं तर कार्ड अडवतं, उलट केलं तर प्रोसेसर. मुलगा समजावू लागला, पण पंचवीस वर्षं डोंबिवलीचा पूल चढणाऱ्याला बॉटलनेक शिकवू नये. गाडी रिकामी होते आणि सगळी जनता एका जिन्याच्या तोंडाशी येते. जिना रुंद केला की पूल अरुंद वाटतो. पूल रुंद केला की खाली रिक्षाची रांग. मी प्रोसेसर वाढवला, तेव्हा कार्ड केविलवाणं दिसू लागलं. कार्ड वाढवलं, तर वीजपुरवठ्याचा डबा तोकडा पडला. तोही बदलला, तेव्हा मॉनिटरची लाज वाटली. या फेरीत साठाचे एक लाख वीस कधी झाले ते मला कळलं नाही. बायकोला कळलं, पण ती तेव्हा काही बोलली नाही. तिच्या गप्प राहण्यालाही चक्रवाढ व्याज लागतं.

भाग जुळवणं म्हणजे पत्रिका जुळवणं, असं कुणीही म्हणेल. तसं नाही. पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत करता येते. एएमडीचा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा आणि बोर्ड इंटेलच्या एलजीए १८५१चा निघाला, तर त्याची शांत त्र्यंबकेश्वरालाही होत नाही.

कार्डापाशी माझा मुक्काम महिनाभर होता. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे २०२५च्या जानेवारीत आलेलं कार्ड ३२ जीबी मेमरी बाळगतं, ५७५ वॅट वीज खातं आणि आपल्याकडे दोन लाखांच्या वर जातं. त्याच्या फोटोला मी मनोमन हात जोडले आणि एक पायरी खाली, ३६० वॅटच्या ५०८०वर आलो. एक लाखाच्या वरची वस्तू 'स्वस्तातली' म्हणून घेण्याचं समाधान त्या दिवशी प्रथम अनुभवलं. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी. आठ कोअर, आणि तापमान ९५ अंशांपर्यंत चालतं असं कंपनीच सांगते.

इथे माझी झोप उडाली. पंच्याण्णव! आमच्या स्वयंपाकघरात पंच्याण्णव अंशांना चहा होतो.

कॉम्प्युटर थंड ठेवायचा असतो हा संस्कार माझ्यावर जुना आहे. १९९५ साली डोंबिवलीत ज्या क्लासला मी जात असे तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी. गाभाऱ्यासारखा गारवा आणि मधोमध ४८६. त्याच्या डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र धावतं, असा आमचा समज. खरं तर जुने खेळ फार भरधाव पळू नयेत म्हणून वेग कमी करायची ती सोय होती. वर्षभर मी ते बटण दाबत होतो, नक्की काय करत होतो देव जाणे. क्लास मी बेसिक शिकण्यासाठी लावला असं घरी सांगितलं होतं. मे महिन्यात सगळा वर्ग भरलेला असे, पावसाळ्यात मी आणि सर.

तर थंड कसं ठेवायचं? या प्रश्नावर जगाचे दोन पंथ आहेत, हवा आणि पाणी, आणि शैव-वैष्णवांइतकंच त्यांचं एकमेकांशी जमतं.

हवेवाल्यांचं दैवत म्हणजे ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५. २०१४ साली आला, साडेसोळा सेंटिमीटर उंच, दोन पंख्यांसकट वजन एक किलो तीनशे वीस ग्रॅम. पंख्यांचा रंग चहात अर्ध्यापर्यंत बुडवलेल्या बिस्किटासारखा, अर्धा भाग तपकिरी आणि अर्धा फिकट. फोटो पाहून बायको म्हणाली, "हा डब्यात बसवायचा की डबा ह्याच्यात?"

पाणीवाल्यांचं वेगळं. प्रोसेसरवर एक छोटा पंप, तिथून दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला रेडिएटर आणि त्यावर तीन पंखे. पाणी आतल्या आत फिरतं.

"विजेच्या डब्यात पाणी?" आईने विचारलं.

"गीझरमध्ये नसतं का?"

"गीझर पाणी गरम करायला असतो. तुझा हा तर गार करायला म्हणतोस." जरा थांबून म्हणाली, "आणि ते पाणी बदलायचं कधी?"

"बदलायचं नाही. कायमचं बंद असतं."

आईचा चेहरा शिळं पाणी पाहिल्यासारखा झाला. हवेच्या कूलरमधल्या त्या तांब्याच्या नळ्यांतही थेंबभर पाणी असतं, तळाशी त्याची वाफ होते, वर जाऊन थंड होते आणि पाणी परत खाली येतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिचा निदान एका पंथावर विश्वास राहू दे.

शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, हयात डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये गेली. इंजिन थंड ठेवणं म्हणजे काय हे त्यांना विचारायचं नाही तर कुणाला?

"किती हॉर्सपॉवर?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"हॉर्सपॉवर नसतो काका, वॅट असतात. कार्ड ३६० वॅट."

काकांनी पेपरच्या कडेला भागाकार केला. ७४६ने. "म्हणजे अर्धा घोडा. अर्धासुद्धा भरत नाही." त्यांनी चष्मा काढला. "अर्ध्या घोड्यासाठी तू तीन महिने डायरी लिहितोयस?"

मी निमूट जिना उतरलो आणि डायरीत लिहिलं: ३६० मिलिमीटर रेडिएटर, पाण्याचा कूलर. घेतोच आहोत तर.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि कुणालाही न विचारता गर्दी जाईल तिकडे जायचं. दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाइकाला मत बदलायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागे.

"बजेट बोला साहेब."

"साठ," मी सवयीने म्हणालो.

"आणि यादी?"

मी डायरी पुढे केली. त्याने वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत वाचली. "साहेब, साठमध्ये यातले पंखे आणि दिवे येतील." मग त्याने चहा मागवला. लॅमिंग्टन रोडवर ज्याला चहा मिळतो तो काही मोकळा सुटत नाही. संध्याकाळी चार वाजता मी १८ टक्के जीएसटीसह पावणेतीन लाखांचा माल घेऊन फुटपाथवर उभा होतो.

आता एवढा खर्च केल्यावर माणसाने डोंबिवलीपर्यंत टॅक्सी करावी की नाही? पण पावणेतीन लाख गेल्यानंतरच दोन हजार वाचवण्याची तीव्र इच्छा होते, हा आमच्या पिढीचा स्थायीभाव आहे. मुलगा कार्ड पोटाशी धरून पुढे, मी कॅबिनेटचं खोकं डोक्यावर घेऊन मागे. ग्रँट रोडहून दादर. दादरचा पूल मी कसा ओलांडला ते सांगत नाही. खोक्यावर 'काच, जपून' असं छापलेलं आहे हे ज्याने त्याने स्वतःच्या कोपराने वाचलं. मग सेंट्रलचा मालडबा.

मालडब्यात एक कोळीण मावशी दोन पाट्या घेऊन बसल्या होत्या, संध्याकाळच्या बाजाराला निघालेल्या. त्यांनी खोक्यावरचं चित्र निरखलं.

"काय हाय यात? फ्रिज?"

"नाही मावशी, कॉम्प्युटरचा डबा."

"मंग एवढे पंखे कशाला काढलेत?"

"आत गरम होतं. गार ठेवायला."

"गार ठेवायला?" मावशींनी पाटीवरचं गोणपाट सारखं केलं. "मंग ऐक. बर्फ खालून बी पायजे, वरून बी पायजे. आनि पानी निगायला वाट पायजे. आत घातलंस त्ये भायेर नाय गेलं, का माल सडला."

मी हसलो. तीन महिने अभ्यास केलेला माणूस असाच हसतो. ठाणे येईपर्यंत गर्दी वाढली आणि मावशींनी एक पाटी उचलून माझ्या खोक्यावर ठेवली. "धरून बस," म्हणाल्या. बर्फ वितळत होता, आणि मावशी म्हणाल्या त्याप्रमाणे पाण्याला निघायला वाट होती. ती माझ्या खोक्यात गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. जुळणी.

प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावायची असते. किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कुणी फुली मारा म्हणतं, कुणी रेघ. बहुमत 'वाटाण्याएवढा ठिपका' असं आहे. मी स्वयंपाकघरात विचारायला गेलो.

"वाटाणा केवढा असतो?"

"हिरवा की पांढरा? भिजवलेला की कोरडा?" बायकोने विचारलं.

एवढा साधा प्रश्न तीन महिन्यांत एकाही तज्ज्ञाच्या डोक्यात आला नव्हता. मी भिजवलेला धरला. पंप दाबून बसवल्यावर पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आली, पुरणपोळीतून पुरण यावं तशी.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दिवे लागले, सगळे पंखे फिरले, मुलाने टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तापमान दिसू लागलं: ६०, ७५, ८८, ९५. चहा झाला. मी बटण बंद करून थेट दुकानदाराला फोन लावला आणि जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, पंपच्या खालचं प्लास्टिक काढलं ना?"

"मी काय पहिल्यांदा..." असं म्हणून मी फोन ठेवला. पंप सोडवला. खाली, तांब्याच्या चकचकीत पृष्ठभागावर, पारदर्शक कागद तसाच, त्यावर इंग्रजीत 'बसवण्यापूर्वी काढा', आणि त्यावर भिजवलेला वाटाणा.

माझी बाजू ऐका. आमच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं पिशवीत आहे, आवाज वाढवायचं बटण कुठलं हे आम्ही अंदाजाने ओळखतो. फ्रिजच्या दारावरचा निळा कागद कडांनी सुटतो तेव्हा आई त्याला भाताच्या शितांनी चिकटवते. वस्तू नवी राहावी म्हणून आम्ही ती कधी वापरायलाच काढत नाही. असल्या घराण्यातल्या माणसाकडून तुम्ही तांबं उघडं करण्याची अपेक्षा करता?

कागद काढला तरी तापमान ८५च्या खाली येईना. आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली. वास.

खोक्यातल्या थर्माकोलच्या साच्यांनी आणि धुळीच्या जाळीने ते बर्फाचं पाणी मनसोक्त पिऊन घेतलं होतं. मी सगळं पुसून वाळवलं होतं, पण जाळी पंख्यांसमोर होती. यंत्र गरम होऊ लागलं की वास पसरे, आणि थोड्याच दिवसांत मला आकडा बघायची गरज उरली नाही. साठ अंशांना ओला बोंबील, सत्तरच्या पुढे सुका. आईचा गुरुवार होता. ती देवघरातून उठून आली, दारात उभी राहिली, काही न बोलता परत गेली आणि उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून घेऊन आली.

आणि त्या उदबत्तीने मला वाचवलं. धूर डब्याच्या पुढच्या बाजूने आत गेला. बरोबर. मागे धरली, तिथूनही आत गेला. वर धरली, वरूनही आत. सातही पंखे आत हवा ओढत होते आणि बाहेर सोडायला कुणीच नव्हतं. संध्याकाळी सहाला दादरला गाडी लागते तेव्हा असंच असतं.

कारण सोपं होतं. पंख्याची एक बाजू देखणी असते आणि दुसऱ्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात. हवा देखण्या बाजूने आत येते आणि पट्ट्यांच्या बाजूने जाते. मी सातही पंख्यांची देखणी बाजू बाहेर केली होती. पाहुणे आले तर काय पट्ट्या बघायच्या?

आत घातलंस ते बाहेर नाही गेलं, की माल सडला. मी मावशींना मनात नमस्कार केला आणि चार पंखे उलटे केले.

आकडा पासष्टवर आला. मग मी एक मूर्खपणा केला, हिशेब मांडला. कितीही भारी कूलर घ्या, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. उष्णता फक्त डब्यातून काढून खोलीत टाकतो. माझं यंत्र मन लावून खेळलं तर पाचशेएक वॅट खातं आणि ते सगळे शेवटी उष्णताच होतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत, एप्रिलमध्ये, डोंबिवलीत, मी पाच पाहुणे कायमचे आणून बसवले होते. वाळ्याचे पडदे लावून पाहिले, डेझर्ट कूलर शेजाऱ्यांकडून आणून पाहिला. नागपूरला तो काम करतो. आमच्याकडच्या दमट हवेत तो फक्त पाहुण्यांना घाम आणतो.

शेवटी एसी घेतला. दीड टनाचा, घेतोच आहोत तर. हा टन म्हणजे काय ते तेव्हा कळलं: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागेल तेवढी उपसण्याची ताकद. म्हणजे मुळात बर्फच. मावशींना मी दुसऱ्यांदा नमस्कार केला.

एसी लागल्या रात्री आई पोथी आणि सतरंजी घेऊन आत आली. मग बायको. वरच्या मजल्यावरचे काका 'अर्धा घोडा बघायला' आले ते दहा वाजेपर्यंत हलले नाहीत. १९९५च्या क्लाससारखं झालं. आता दारात चपला असतात. मी मधोमध बसून ट्रक चालवतो, बाजूला चौघे झोपलेले.

आणि एका रात्री मी पाहिलं की कार्डाचे तिन्ही पंखे बंद आहेत. लाखाचं कार्ड! रात्री साडेदहाला दुकानदाराला फोन केला. तो आता माझा नंबर ओळखतो.

"पंखे फिरत नाहीत!"

"साहेब, कार्ड गरम झाल्याशिवाय पंखे फिरतच नाहीत. तशीच रचना असते."

"मग गरम का होत नाही?"

"काय खेळता?"

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"साहेब, तो गेम २०१२चा आहे."

मुलगा पांघरुणातून हसल्याचा मला भास झाला. आता प्रागहून निघालेला माझा शीतपेटीचा ट्रेलर रात्रीच्या रस्त्याने जर्मनीकडे जात असतो, पंखे मधूनच एकदा आळस दिल्यासारखे फिरतात आणि थांबतात. खोली चोवीस अंशांवर आहे. विजेचं बिल अजून आलेलं नाही.

पंखे तीन-तीनच्या पाकिटात मिळतात, त्यामुळे दोन शिल्लक आहेत. थर्मल पेस्टही बरीच उरली आहे, भिजवलेल्या वाटाण्याच्या हिशेबाने सात-आठ वेळा पुरेल. कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जा. पंख्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.